पोडियमवरचं खेळाचं कपाट: सुट्टीतल्या नोंदी

१३ एप्रिल २०२५, रविवार

सोसायटीच्या कमिटीने अखेर हो म्हटलं. आमच्या टॉवरच्या पोडियमच्या (खालच्या मोकळ्या जागेच्या) मागच्या बाजूला भिंतीला लागून जी पत्र्याची शेड आहे तिथे एक कपाट ठेवायचं, रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात मुलांसाठी उघडायचं, शाळा सुरू होईपर्यंत, म्हणजे साधारण १५ जूनपर्यंत. चावी माझ्याकडे आणि जबाबदारीही माझीच. कपाटात विकतची खेळणी ठेवणार नाहीये, सामान ठेवणार आहे, दोऱ्या, जुन्या साड्या, पुठ्ठ्याचे खोके, डबे, कपड्यांचे चिमटे, करवंट्या, फरशीचे तुकडे.

हे का करायचं ते आत्ताच लिहून ठेवते, मे महिन्यात दमले की वाचायला उपयोगी पडेल. लालबागची आमची चाळ पाडली, मग सात-आठ वर्षं सगळे भाड्याच्या घरांत विखुरले, कोणी डोंबिवली कोणी विरार कोणी काळाचौकीतच, आणि आता टॉवरमध्ये परत आलोय. घरं मोठी झाली, संडास घरात आला, पाण्यासाठी पहाटे उठायला लागत नाही, हे सगळं चांगलंच झालंय आणि मी चाळीच्या आठवणी काढून गळा काढणाऱ्यांतली नाही. पण चाळीत मूल दाराबाहेर पडलं की थेट खेळात पडायचं, मधे फक्त गॅलरी. आता मधे सेफ्टी डोअर, लिफ्ट, वॉचमन आणि "खाली कोणी आहे का ते आधी बघ" एवढं सगळं आहे. मी चौदा वर्षं बालवाडीत शिकवते, तीन वर्षांचं मूल दुसऱ्या मुलाजवळ कसं सरकत सरकत जातं ते रोज बघते, आणि माझ्याच बिल्डिंगमधली नऊ-दहा वर्षांची मुलं एकमेकांना नावाने ओळखत नाहीत. मजल्याने ओळखतात. "ए सतरावाल्या, बॉल दे." मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

या नोंदींमध्ये मीही नावं लिहिणार नाही, मजलेच लिहीन. मुलांची नावं मुलांची आहेत.

१९ एप्रिल

आठवडाभर नुसती बसून बघतेय, वहीत दर दहा मिनिटांनी कोण कोणाबरोबर आहे ते टिपतेय. पद्धत जुनीच आहे, मिल्ड्रेड पार्टन नावाच्या बाईंनी अमेरिकेत मिनेसोटाच्या नर्सरीत मुलांचा खेळ असाच पाहून १९३२ मध्ये त्याचे प्रकार मांडले होते, एकट्याने खेळणं, लांबून बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, थोडं मिसळून खेळणं आणि एकत्र ठरवून खेळणं. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे पाठ करून घेतलं होतं, तेव्हा परीक्षेपुरतं वाटलं होतं, आता वही हातात घेऊन बसल्यावर कळतंय की "लांबून बघत राहणं" याला त्या बाईंनी वेगळी जागा दिली ही केवढी मोठी गोष्ट आहे. नाहीतर आपण म्हणतो, नुसता उभा आहे, खेळत नाहीये.

आठवड्यात दिसलं ते असं. मोठी मुलं, दहा ते तेरा, सगळे मुलगेच, मधली मोकळी जागा धरून क्रिकेट. त्यांच्या बॉलच्या भीतीने बाकीचे कडेकडेने. मुली दोन बाकांवर, फोन एकीकडे आणि पाच डोकी त्यात. छोटी मुलं झोपाळ्याजवळ आजी किंवा मावशीच्या हाताशी. सहा ते आठ वर्षांची मुलं सायकलवर गोल गोल, प्रत्येकाची सायकल वेगळी आणि चक्कर वेगळी. चार वयं चार जागी, एकमेकांत मिसळतच नाहीत. चाळीत चौदा वर्षांच्या दादापासून तीन वर्षांच्या शेंबड्यापर्यंत एकच टोळी असायची कारण जागाच एक होती, आणि धाकट्याला सांभाळायचं काम मोठ्याकडेच असायचं, त्याला घेऊनच खेळायला यायचं नाहीतर यायचं नाही.

२३ एप्रिल

कपाट आलं, नवव्या मजल्यावरच्या आजींचं जुनं लोखंडी गोदरेज, एका दाराचं हँडल तुटलंय पण बंद होतं. वॉचमनदादांनी आणि दोन पोरांनी मिळून लिफ्टमधून आणलं. सामान: साड्या ९, सुताची जाड दोरी ३ तुकडे, खोके १४ (किराणावाल्याने फुकट दिले), पत्र्याचे डबे ६, चिमटे तीन डझन, फरशीचे तुकडे लगोरीसाठी दोन सेट, कडा घासून घेतल्यात. टेनिस बॉल ४, खडूची दोन पाकिटं. खर्च ३८० रुपये, त्यातले बहुतेक बॉल आणि चिमट्यांचे.

सेक्रेटरी काकांनी विचारलं की ताई भंगार का, आपण फंडातून चांगली घसरगुंडी घेऊ. त्यांना मी डेन्मार्कची गोष्ट सांगितली. कार्ल थिओडोर सोरेन्सन म्हणून बागा आखणारे आर्किटेक्ट होते, त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी आखलेल्या देखण्या मैदानांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी पडलेल्या लाकडं-विटांमध्ये जास्त रमतात, म्हणून १९४३ मध्ये, जर्मन सैन्याने देश ताब्यात घेतलेला असताना, कोपनहेगनजवळ एमद्रुपला त्यांच्या कल्पनेतून भंगाराचं मैदान सुरू झालं. पुढे १९७१ मध्ये सायमन निकोल्सनने हेच तत्त्व म्हणून मांडलं, की जागेत हलवता-जोडता-मोडता येणाऱ्या सुट्या वस्तू जितक्या जास्त तितकं मुलांना सुचतं जास्त. घसरगुंडीला काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं, वर चढा आणि खाली या. खोक्याला काहीच ठरलेलं नसतं, त्यामुळे बोलावं लागतं. "ही गाडी." "नाही, हे घर." हे बोलणंच मला हवंय. काका म्हणाले, बरं, पण रोज झाडून घ्या.

२४ एप्रिल

पहिला दिवस. साडेपाचला उघडलं, पावणेसहाला १४ खोक्यांवरून ११ भांडणं. बाक भरून आया बसलेल्या आणि सगळ्या एका सुरात "शेअर कर, शेअर कर". मूल शेअर करतं का तर नाही करत, ते खोका सोडून आईकडे जाऊन रडतं. खेळ दोन्ही बाजूंचा मोडला. मी काही बोलले नाही, आज फक्त बघायचं ठरवलं होतं. सव्वासातला दोन मुलांनी खोका ओढताना तो फाटला, फाटला तर दोघं गप्प, मग एकाने त्यात डोकं घातलं आणि दुसऱ्याने बाहेरून टकटक केलं, "कोण आहे?" एवढंच. पण दहा मिनिटं चाललं. सोळावाला आणि सातवाला, याआधी माझ्या वहीत कधीच एकत्र नव्हते.

२ मे

मराठी शाळांनाही आता सुट्टी लागली. गर्दी दुप्पट, काल-आज मोजली तर चाळीसच्या आसपास मुलं. ऊन एवढं की पावणेसहापर्यंत फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही.

अकराव्यावर भाड्याने नवीन कुटुंब आलंय, सोलापूरचं. मुलगी आठ वर्षांची. तीन दिवस ती कुंड्यांच्या कडेला उभी आहे, हातात पाण्याची बाटली, बघतेय. आज तिची आई खाली आली आणि तिने तेच केलं जे कोणतीही आई करेल, हात धरून मुलींच्या घोळक्यात नेऊन उभं केलं आणि म्हणाली, "हिला घ्या ना गं तुमच्यात खेळायला." घोळका गप्प. मग एक म्हणाली, "आम्ही पूर्ण झालो." मुलीचा चेहरा मला इथे बाकावरून दिसत होता.

आईचा राग नाही आला आणि त्या मुलींचाही नाही. मुलांचा खेळ फार नाजूक असतो. विल्यम कोर्सारो हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अमेरिकेत आणि मग इटलीत बालवाड्यांमधून महिनोन्महिने मुलांच्या बरोबरीने जमिनीवर बसला होता, त्याने हे नीट मांडलंय, मुलं नव्याला "नाही" म्हणतात तेव्हा ती दुष्ट नसतात, महत्प्रयासाने जमलेला खेळ विस्कटेल म्हणून तो राखत असतात. आणि "मी खेळू का?" असं सरळ विचारणाऱ्याला बहुतेक वेळा नकारच मिळतो, कारण हो-नाही विचारलं की नाही म्हणणं सोपं असतं. आत शिरतात ती मुलं आधी आजूबाजूला घुटमळतात, काय चाललंय ते समजून घेतात आणि मग न विचारता त्याच खेळातलं काहीतरी करायला लागतात.

हे तिच्या आईला मी लिफ्टमध्ये सांगितलं. उद्या तुम्ही खाली येऊ नका, तिला बघू द्या. आईला पटलं असं वाटलं नाही, पण ती हो म्हणाली.

५ मे

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

चौदावाली (ही अकरा वर्षांची, आवाज मोठा, सगळं तीच ठरवते) आणि अजून सहा-सात जणांनी मिळून लोकल बनवली. खोके एकापुढे एक, वरून दोन साड्या दोरीला लावून पडदे, एका करवंटीचा भोंगा. कर्जत फास्ट. स्टेशनं ओरडायला एक मुलगा, दारात लटकायला दोन, त्यांना आत घ्या आत घ्या म्हणून ओरडायला एक. मग लेडीज डबा वेगळा झाला, सीटवरून भांडण, "कुठे उतरणार?" "ठाणा." "मग ही सीट माझी." हुबेहूब, रोज आईबरोबर जाऊन ऐकलेलं.

सोलापूरची मुलगी कुंडीजवळ. एकदा पुढे आली, मागे गेली. मग कपाटाजवळ गेली, चिमट्यांचा डबा घेतला, आपल्या फ्रॉकला, हातावर, ओढणीसारख्या घेतलेल्या साडीच्या तुकड्याला सगळीकडे चिमटे लावले आणि थेट लेडीज डब्यात शिरली, "क्लिपाऽऽ दस के दो, दस के दो, रबर बॅण्ड है, साइड पिन है!" सुरासकट. मुंबईत येऊन महिना झाला असेल तिला, तेवढ्यात गाडीतल्या क्लिपवालीचा सूर उचलला होता पोरीने.

डबा दोन सेकंद गप्प. मग चौदावाली म्हणाली, "ए लाल दाखव." संपलं. कोणी नाव विचारलं नाही, घेतलं की नाही घेतलं हा प्रश्नच आला नाही. तिच्याशिवाय लेडीज डबा पूर्ण होत नव्हता हे सगळ्यांना एकदमच कळलं. नंतर पाऊण तास गाडी चालली, भाव करून झाला, पोलीस आला, क्लिपवालीला सगळ्यांनी सीटखाली लपवलं. साडेसातला मी कपाट बंद करायला गेले तर चौदावाली तिला विचारत होती, "उद्या पण येशील ना? चिमटे तूच घे."

मी घरी येऊन रडले थोडी. खरंच.

८ मे

काल देशभर मॉक ड्रिल (हवाई हल्ला झाला तर काय करायचं याचा सराव) होतं, मोबाईलवर टीव्हीवर दिवसभर तेच. आज मुलांनी "सायरन" नावाचा खेळ काढला, एकाने भोंगा वाजवला की सगळे साड्यांखाली. मोठ्यांना आवडलं नाही, एक आजोबा थांबवायला निघाले होते, मी विनंती केली की राहू दे. जे कळत नाही ते मुलं खेळून कळून घेतात, आणि साडीखाली एकत्र दडून बसलेली पाच मुलं एकमेकांचे हात धरून होती, त्यातले दोघे क्रिकेटवाले.

१० मे

आयपीएल आठवडाभर थांबवलंय, त्याचा इथल्या क्रिकेटवरही परिणाम झाला असं वाटतंय, मोठी मुलं जरा रिकामी आहेत. ती लगोरीकडे वळली. लगोरीला दोन टीम लागतात आणि माणसं कमी पडतात, तेव्हा कडेच्यांना हाका मारायला लागली. हे मला आधी सुचायला हवं होतं, माणसं कमी पडतील असे खेळ हवेत. क्रिकेटमध्ये जास्तीचं मूल अडचण असतं, लगोरीत आणि डबा ऐसपैसमध्ये जास्तीचं मूल कामाचं असतं.

प्रश्न आला बाराव्यावरच्या चार वर्षांच्या पिल्लाचा. त्याला खेळायचंच होतं. मोठे म्हणाले तो लगेच आउट होईल आणि रडेल. नवव्यावरच्या आजी, कपाटवाल्या, बाकावरून म्हणाल्या, "अरे मग त्याला लिंबूटिंबू करा की!" आणि मला धक्का बसला तो हा की अर्ध्या मुलांना लिंबूटिंबू म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. शब्दच पोचला नव्हता त्यांच्यापर्यंत. आजींनी समजावलं, लिंबूटिंबू म्हणजे तो खेळात असतो, पळतो, ओरडतो, पण आउट होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. मुलांनी लगेच शंका काढल्या. त्याने बॉल अडवला तर? त्याने लगोरी लावली तर धरायची का? किती वर्षांपर्यंत लिंबूटिंबू? वीस मिनिटं कोर्टासारखी चर्चा, शेवटी ठरलं की त्याने लावलेली लगोरी धरायची, कारण नाहीतर त्याला काय मजा.

मी ऐकतच राहिले. हा शब्द आपल्याकडे किती पिढ्या आहे कोण जाणे, आणि त्यात केवढं शहाणपण आहे, की जो अजून बरोबरीने खेळू शकत नाही त्यालाही खेळात जागा आहे, फक्त वेगळ्या नियमाने. बालवाडीत आम्ही समावेशक वगैरे शब्द वापरून ट्रेनिंगं करतो. आजींनी एका वाक्यात काम केलं.

सतरावाला, तेरा वर्षांचा, क्रिकेटचा कॅप्टन, तो संध्याकाळभर लिंबूटिंबूचा हात धरून पळत होता. मी या मुलाला कधी कोणाशी हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

१४ मे

आज माझी चूक झाली. दहावाला आणि सातवाला, दोघांचं राज्यावरून वाजलं. सुटताना दहावाल्याने हात उशिरा उलटा केला असं सातवाल्याचं म्हणणं. आवाज चढले, मी मधे पडले, दोघांचं ऐकलं, निकाल दिला, हात मिळवा म्हटलं. मिळवले त्यांनी. आणि दोघंही घरी निघून गेले, खेळ तिथेच संपला, बाकीचे माझ्याकडे असे बघत होते की यांनी काय केलं हे. थोडं थांबले असते तर पोरांनी "परत सुटा" म्हणून दोन मिनिटांत मिटवलं असतं, रोज मिटवतातच.

वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, रक्त आलं किंवा कोणी कोणाला घाबरवत असेल तरच उठायचं. एरवी बसून राहायचं.

१५ मे

दोघांची कट्टी. दहावाला एका टोकाला, सातवाला दुसऱ्या. मी कपाट उघडून गप्प बसले. साडेसहाला डबा ऐसपैस सुरू झालं, राज्य चौदावालीवर. तिने एकेकाला शोधून बाद करत आणलं, शेवटी बाहेर राहिले हे दोघंच, आणि दोघं नेमके एकाच टाकीमागे लपलेले. आता डबा उडवायचा तर एकट्याने होत नाही. तिथे काय कुजबुज झाली मला माहीत नाही पण दोघं बाहेर आले ते एकमेकांचे टी-शर्ट घालून, एकाने तोंड झाकून पळायचं, चौदावाली चुकीचं नाव घेऊन बसली, दुसऱ्याने डबा उडवला. सगळे सुटले, जो काही आरडाओरडा झाला! ही टी-शर्ट बदलायची युक्ती आम्ही चाळीत करायचो, यांना कोणी शिकवलेली नाही, निदान मी तरी नाही. बट्टी वेगळी अशी झालीच नाही. सातवाला दहावाल्याचा टी-शर्ट घालूनच घरी गेला.

१८ मे, रविवार

पालकांची मीटिंग. एकाचा गुडघा फुटला होता त्याची तक्रार, आवाजाची तक्रार, साड्या वाळत घातल्यासारख्या दिसतात आणि बाहेरच्यांना वाईट दिसतं ही तक्रार. मग एका बाबांनी चांगल्या मनाने प्रस्ताव मांडला की आपण कोच ठेवू, वयानुसार तीन बॅच करू, फी घेऊ, शिस्त राहील. बऱ्याच माना हलल्या.

मी एरवी मीटिंगमध्ये बोलत नाही. आज बोलले आणि बहुतेक जरा जास्तच बोलले. म्हटलं, शाळेत वयानुसार वर्ग, क्लासला वयानुसार बॅच, स्विमिंगला वयानुसार बॅच, मग मूल आपल्यापेक्षा लहानाशी वागायला कुठे शिकणार आणि मोठ्याचं बघून कुठे शिकणार. एकाच वयाच्या दहा मुलांत पहिली गोष्ट होते ती तुलना. वयं वेगळी असली की तुलना करताच येत नाही, तेरा वर्षांचा चार वर्षांच्याला हरवून काय मिळवणार. ताराबाई मोडकांचं उदाहरण दिलं, त्यांनी आणि अनुताई वाघांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर, तिथे त्यांना दिसलं की आदिवासी वस्तीतली मोठी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत कारण कडेवर धाकटं भावंड असतं. तर त्यांनी भावंडाला घरी ठेवून ये असं म्हटलं नाही, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, विकासवाडी म्हणून. आपल्याकडे आत्ता बाराव्यावरचं पिल्लू सतराव्याच्या हाताला धरून पळतंय ते बॅच पाडली की थांबेल.

सतरावाल्याची आई शेवटी बोलली. म्हणाली, माझा मुलगा घरी कोणाशी बोलत नव्हता वर्षभर, आता जेवताना लिंबूटिंबूने काय केलं ते सांगतो. त्यावर कोणी काही बोललं नाही. बॅचचा विषय मागे पडला. साड्या रस्त्याच्या बाजूला लावायच्या नाहीत, प्रथमोपचाराची पेटी ठेवायची आणि सात वाजता आवाज कमी, एवढं ठरलं. मान्य आहे मला.

२१ मे

सोळावाल्याबद्दल. सहा वर्षांचा, फार कमी बोलतो. पहिल्या दिवशी खोक्यातून "कोण आहे" खेळला तो हाच. त्यानंतर तो रोज येतो, दोरी घेतो, खांबाला गाठी मारतो आणि सोडतो, एकटाच. मी त्याच्याबद्दल काळजीत होते, पार्टन बाईंच्या पायऱ्या डोक्यात, एकट्याने खेळणं म्हणजे खालची पायरी. पण पुढच्या अभ्यासांनी हे बरंच बदललंय, एकट्याने खेळणं म्हणजे मागे पडणं असं नसतं. बेकमन आणि ब्राउनली यांनी १९८० मध्ये लिहिलं की मूल शेजारी बसून आपापलं खेळतं ते बऱ्याचदा एकत्र खेळण्याआधीचं दार असतं, तिथून ते आत जातं.

म्हणून मी काही केलं नाही, फक्त दुसरी दोरी त्याच खांबाजवळ ठेवली. दोन दिवस कोणी हात लावला नाही. आज सोलापूरवाली तिथे बसली आणि स्वतःची गाठ मारायला लागली. वीस मिनिटं दोघं बोलले नाहीत. मग तिने विचारलं, "ही कशी सोडवायची बे?" त्याने करून दाखवलं. वहीत एवढंच आहे. (आता सगळी पोरं एकमेकांना "बे" म्हणतायत, काही आयांना ते खटकतंय, मला गोड वाटतं.)

२६ मे, सोमवार

मान्सून मुंबईत दाखल, नेहमीच्या ११ जूनच्या तब्बल सोळा दिवस आधी. सकाळपासून धोधो. शेड एका बाजूने गळली, खोक्यांचा लगदा झाला, साड्या भिजल्या, खडू गेले. लोखंडी कपाटामुळे दोऱ्या वाचल्या. नुकसानापेक्षा मला भीती वेगळी वाटली, की पोडियम बंद म्हणजे सगळं परत घरात आणि फोनवर.

२८ मे

भीती खोटी ठरली. काल संध्याकाळी मी जिन्याने उतरत होते तर आठव्या-नवव्याच्या मधल्या लँडिंगवर सात जणी सागरगोटे खेळत बसलेल्या. सागरगोटे नवव्यावरच्या आजींनी काढून दिले, चाळ सोडताना बरोबर आणले होते म्हणे, मला बोलल्या नव्हत्या कधी. वरच्या लँडिंगवर मुलगे पत्ते. लिफ्ट असल्यामुळे हा जिना वर्षभर रिकामा असतो. आता त्यावर मुलं आहेत आणि मुलं आहेत म्हणून दारं उघडी आहेत, कोणाच्या घरात पाणी प्यायला, कोणाच्या घरात संडासला, अकराव्याच्या सोलापूरच्या ताईंनी शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी सगळ्यांना वाटली, त्यावरून सगळी पोरं त्यांच्या दारात. ताई मला म्हणाल्या, या बिल्डिंगमध्ये आम्हाला पहिल्यांदाच कोणी घरात आलं.

म्हणजे मुलांची मैत्री आधी झाली आणि मोठ्यांची तिच्या मागून चाललीय. मी उलटं धरून चालले होते, की आयांची ओळख करून दिली की मुलं खेळतील.

६ जून

मुलांशी गप्पा मारल्या, लँडिंगवर बसून, मित्र म्हणजे कोण. चार-पाच वर्षांची म्हणतात, जो आत्ता माझ्याबरोबर खेळतोय तो. आठ वर्षांच्या आसपासची म्हणतात, जो मला मदत करतो, मला त्याचं देतो. चौदावाली म्हणाली, "ज्याच्याशी भांडलं तरी दुसऱ्या दिवशी चालतं तो." रॉबर्ट सेलमन या मानसशास्त्रज्ञाने मुलांशी बोलून मैत्रीच्या समजुतीचे टप्पे मांडले होते ते साधारण असेच, आधी क्षणापुरता, मग मला उपयोगी, मग देवाणघेवाण, मग भांडणातून टिकणारा. लिंबूटिंबूला विचारलं तर त्याने बोट केलं सतरावाल्याकडे आणि म्हणाला, "हा. हा माझा मित्र आणि मी ह्याचा लिंबूटिंबू."

१२ जून

परत दहा मिनिटांची नोंद घेतली, पाऊस थांबला होता म्हणून पोडियमवर. एप्रिलमध्ये क्रिकेटच्या घोळक्यात एकही मुलगी नव्हती आणि दहाच्या खालचं कोणी नव्हतं. आज लगोरीत एकोणीस मुलं, सर्वात लहान चार, सर्वात मोठा तेरा, मुली आठ. फोन अजून आहेतच, दोन मुली आजही बाकावर फोन घेऊनच होत्या आणि एक मुलगा संपूर्ण सुट्टी एकदाही खाली आला नाही, त्याच्या घरी जाऊन यायला हवं होतं, राहून गेलं. ते माझ्या मनात राहील. हाकेत मजले कमी झालेत, "क्लिपवाली", "गाठी", "कॅप्टन", "लिंबू" असं चालू आहे, खरी नावंही.

१५ जून, रविवार

उद्या शाळा. वह्यांना कव्हरं घालायची होती तरी सगळे आले. कमिटीने कपाट दिवाळीपर्यंत ठेवायला परवानगी दिली, पण शाळेच्या दिवसांत मी साडेपाचला पोचू शकणार नाही, त्यामुळे चावीचा प्रश्न. मुलांनी स्वतः ठरवलं, चावी दर आठवड्याला दोघांकडे, एक मोठा आणि एक लहान, वेगवेगळ्या मजल्यावरचे. पहिला आठवडा क्लिपवाली आणि कॅप्टन. लिंबू रडायला लागला की मला का नाही, तर कपाटाच्या तुटक्या हँडलला बांधायची दोरी त्याच्याकडे दिली, ती तो रोज घरून घेऊन येणार, तो आल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. गाठ मारायला सोळावाला त्याला शिकवतोय, आज दोनदा सुटली.

बाकी काम: शेडचा पत्रा जोडून घ्यायचा, सेक्रेटरी काकांना आठवण करायची. खोके नवीन दहा. लगोरीचा एक तुकडा हरवलाय. तेराव्यावरच्या त्या मुलाच्या घरी जायचं, या शनिवारी, सागरगोटे घेऊन, आणि बरोबर क्लिपवालीला न्यायचं.